मशीनवर शिवलेला तक्ता

आई,

कापड मोजायची तुझी लाकडी पट्टी मोडली, माफ कर. तुझ्या नवऱ्याच्या मनगटावर मोडली, त्याची माफी मागणार नाही. तो आत कण्हत पडलाय. त्याला एक्स-रे काढायला ने. जिन्यावरून पडला असं डॉक्टरला सांगू नकोस. ते कारण तू स्वतःसाठी वापरून वापरून पार झिजवलंयस.

त्याने माझा दुसऱ्या वर्षाचा तक्ता दारावरून ओरबाडला. तू दिलेल्या खाकी कागदावर परीक्षा, प्रकल्प, राहिलेले दोन विषय, सगळं आठवड्यागणिक आखलं होतं. "पहिल्या वर्षात आपटलीस आणि आता करिअर करतेयस!" म्हणत त्याने माझं डोकं त्याच दारावर आपटलं. परत केसांना हात घातला, तेव्हा पट्टी माझ्या हाताशी होती.

आज अकराला प्रयोगशाळेतल्या इंटर्नशिपची मुलाखत आहे. ती काही मी सोडत नाही. कपाळावरचं टेंगूळ केसांनी झाकलंय. रात्री मैत्रिणीकडे राहीन.

तक्त्याचे तुकडे तुझ्या मशीनवर जोडले. सुई वाकली, नवी घातलीय. तक्ता तुझ्या कपड्यांखाली ठेवलाय, बघ. अगदी शेवटी, पदवी आणि नोकरीच्याही नंतर, एक चौकट होती: 'आईला इथून न्यायचं.' तेवढी कापून काढली आणि या शनिवारवर शिवलीय.

पिशवी भरून ठेव. मोठी कात्री विसरू नकोस.

ठमी