दाखल होण्याजोगी दाढ

४ जानेवारी, उंद्री
जयमालाची दाढ दुखते. खालची, उजवीकडची. चहा दिला तो गालाला पदर लावूनच. शेजारच्या विमलबाईंनी न विचारता मत दिलं: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाताची डॉक्टरीण बसते, चिठ्ठी फाडा अन् दाखवून या. या दवाखान्याच्या गैरसोयींवर मी वर्षानुवर्षं बातम्या देतोय. तिथंच बायकोला रांगेत उभं करायचं? वार्ताहराला काही पत असते. शिवाय आपला मेडिक्लेम आहे. निश्चिंत.

६ जानेवारी
पॉलिसी वाचली. भाष्यग्रंथ पचवलेल्या माणसाला विमा काय अवघड! तरी खात्री म्हणून गजेंद्रला फोन. हा जयमालाचा मावसभाऊ, पॉलिसी त्यानंच उतरवलेली. म्हणे, भाऊजी, साध्या दाताले काही भेटत नाही, पेशंट चोवीस तास अ‍ॅडमिट पाह्यजे, मंग पाहू. ‘मंग पाहू’ म्हणजे होकारच.
निष्कर्ष: आत्ताच दाढ भरून घेणं अव्यवहारी. दुखणं दाखल होण्याजोगं होईपर्यंत धीर धरावा. जयमालाला योजना समजावली. ती म्हणाली, म्हंजे मी अजून बिमार पडू म्हन्ता? मी म्हटलं, शब्दशः तसं नाही.

११ जानेवारी
लवंग चालू. रात्री ती झोपत नाही, त्यामुळे माझीही झोप मोडते. मन रमावं म्हणून तिला सांगितलं, दाताला संस्कृतात द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. ती म्हणाली, मंग काढून टाका, तिसऱ्यांदा येते का पाहू. विनोदबुद्धी शाबूत आहे. म्हणजे गंभीर काही नाही.

१५ जानेवारी
उत्तम बातमी. वीस तारखेला शाळेत मोफत दंत शिबिर. खुर्ची बसवलेली फिरती गाडी येणार. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. जयमालाचा पहिला नंबर मी लावून ठेवला. पॉलिसी पुढच्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवू.

२० जानेवारी, संध्याकाळ
शिबिर यशस्वी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ. सत्कारमूर्ती जास्त झाले, शाली कमी पडल्या. पहिल्या दोन परत मागवून पुन्हा दिल्या. प्रास्ताविकात मी वेदकाळापासून दातांचं माहात्म्य सांगितलं. जरा रंगलो. डॉक्टर सारखे घड्याळ पाहत होते, नवशिके असावेत.
सूत्रसंचालकाचीच बायको पहिली, असं कुणी म्हणायला नको म्हणून जयमालाला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. टाळ्या पडल्या. तिचा नंबर येण्याआधीच गाडीची पुढच्या गावाची वेळ झाली. जाता जाता डॉक्टरांनी उभ्या उभ्या तिचा गाल दाबून पाहिला अन् म्हणाले, काकू, थांबू नका, उद्याच कुठंतरी दाखवा. तिला टूथपेस्ट मिळाली.
घरी येताना ती एवढंच बोलली: तुमचं भाषण लई लांबलं. मी आभार मानले.

२१ जानेवारी
डॉक्टर मंडळी घाबरवतातच. बातमी पाठवली. असंख्य रुग्णांनी लाभ घेतला.

२४ जानेवारी
सूज हनुवटीखाली उतरली. ताप. जेवण नाही, ताकसुद्धा नको म्हणते. दाखल होण्याची चिन्हं चांगली आहेत. गजेंद्रला कळवलं. विमलबाई दारात येऊन म्हणाल्या, भाऊ, तुमी काऊन वाट पाहून राह्यले? मी म्हटलं, विम्याचं एक तंत्र असतं. त्या म्हणाल्या, तंत्र गेलं चुलीत, बाईले थुंकी गिळता येत नाही.

२५ जानेवारी, दुपार, बुलढाणा
विमलबाईंनी परस्पर दिराची गाडी बोलावली. माझ्याशी चर्चा नाही. दवाखान्यात जयमालाला थेट आत नेलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, पू गळ्याकडं उतरलाय, तुम्ही आणखी थांबला असतात तर श्वास बंद पडला असता, गळ्याला छेद द्यावा लागेल. मी सही केली. मग विचारलं, चोवीस तास नक्की पूर्ण होतील ना? ते कागद घेऊन आत गेले. कामाच्या ताणात उत्तर द्यायचं राहिलं असेल.

२९ जानेवारी
क्लेम नामंजूर. आजाराचं मूळ दातात, आणि दात फक्त अपघातात धरतात. गजेंद्र हळहळला: भाऊजी, ताई जिन्यावरून पडली असती तं बसलं असतं. यावर लेखमाला लिहिणार. तीन भागांची. शीर्षक ठरलं आहे, मजकूर सुचत नाही.
जयमालाच्या गळ्यात नळी आहे. मी बोलतो, ती भिंतीकडं पाहते. औषधांची गुंगी.

३ फेब्रुवारी
आज सुट्टी मिळाली. विमलबाई दिराची गाडी घेऊन न्यायला आल्या. दोन दाढा गेल्या. तोंड जेमतेम एक बोट उघडतं. सर्जननी लाकडी पट्ट्या आणल्या. म्हणाले, घरच्या कुणीतरी रोज या दातांमध्ये सरकवून जबडा उघडायचा. दुखेल, ओरडतील, तरी सोडायचं नाही, नाहीतर जबडा असाच राहील. कोण करणार, त्याला शिकवतो.
मी पुढं झालो.
जयमालाला बोलता येत नव्हतं. तिनं हात लांब करून विमलबाईंचा पदर धरला.
सर्जननी त्यांनाच शिकवलं. मी पिशवी धरून उभा होतो.