बंगल्यातला म्हसोबा

७ डिसेंबर, रविवार

चाकणचा बंगला पाहून आले. नामांकित आर्किटेक्टचं काम, आता दुरुस्त करून तिकीट लावलंय, म्हणून पिंपरी-चिंचवडहूनही माणसं येताहेत. मी गेले ती आमच्या म्हसोबासाठी. सासऱ्यांनी ती जमीन विकली तेव्हा आर्किटेक्टने म्हसोबा हलवला नाही, त्याच्याभोवती चौक काढला. मालकांनीही शब्द दिला होता, दर अमावस्येला मागच्या दाराने या, शेंदूर लावा. दुरुस्ती निघाली तेव्हापासून ते दार बंद.

जिना, जाळ्या, लाकूडकाम, सगळं देखणं. उगाच नावं कशाला ठेवू? चौकात आले आणि जागीच थांबले. म्हसोबा काळा ठिक्कर. शेंदूर खरवडलेला. भोवती दोरी.

गाईड मुलगी म्हणाली, "काकू, तो नंतर चढवलेला रंग होता. आता मूळ दगडाचा पोत दिसतो."

"आणि खरवडलेलं कवच?"

"ते राडारोड्यात गेलं असेल."

शेंदराचं कवच सुटलं तर नदीत सोडतात. कुणी विचारलं असतं तर गावातल्या कोणीही सांगितलं असतं. गाव काय लांब होतं?

८ डिसें.

सासूबाईंना सांगायचं नव्हतं. ह्यांनी काल रात्री जेवताना सांगून टाकलं. त्यांनी हातातली भाकरी संपवली, मग म्हणाल्या, "उघडा ठेवलाय व्हय त्याला? मंग जाऊन झाक की."

ह्यांचं वेगळंच. सागर त्याच मालकांच्या कंपनीत लागलाय, अजून कायम नाही. "पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस," म्हणाले. रात्रभर तेच डोक्यात.

१२ डिसें., शुक्र.

बंगल्याच्या ऑफिसात गेले. मॅनेजर गोड बोलणारे. चहा मागवला. म्हणाले, वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर पूजा करा, नऊवारी नेसून या, आमचा फोटोग्राफर असेल. फक्त शेंदराऐवजी फुलं वाहा, दगडाला डाग नकोत.

डाग! मी म्हटलं, "साहेब, आमचा देव आहे तो. तुमच्या कार्यक्रमातला आयटम नाही." चहा तसाच ठेवून उठले. येताना रिक्षावाल्याला विनाकारण झापलं. बिचाऱ्याचा काय दोष.

१४ डिसें., रवि.

सागरला स्पष्ट विचारलं. त्याने मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई, तू जा. काढलं तर काढलं." घाबरलंय पोर. भीती मलाही वाटते, इथे खोटं कशाला लिहू? पण जाणार. अमावस्येलाच जाणार, आणि मागच्याच दाराने.

१९ डिसें., शुक्र. अमावस्या

बंगल्याच्या मागच्या दाराशी बसून लिहितेय. सकाळी सासूबाईंनी स्वतः शेंदूर तेलात कालवला. वाटीवर विड्याचं पान, डब्यात दहीभात. त्याही बरोबर आल्यात. हे आले नाहीत, पण रिक्षा त्यांनीच आणून दिली.

वॉचमन लातूरकडचा. म्हणाला, "मावशी, आज आमच्याकडं येळवस हाय. समदं गाव शेतात पूजेला अन् जेवायला असतंय. अन् मी हितं तुम्हाला अडवायलोय."

"मग नको अडवूस."

"नोकरी हाय, मावशी." त्याने मॅनेजरना फोन लावला. ते म्हणाले, थांबवून ठेव, मी येतोय. मग वॉचमननेच केबिनमधली खुर्ची आणून सासूबाईंना दिली आणि दाराचं कुलूप काढून नुसती कडी घातली. का, ते मी विचारलं नाही.

जाळीतून चौक दिसतो. म्हसोबा तसाच, उघडा.

उन्हं चढली. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही घरी जाता का, मी थांबते. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "कालवलेला शेंदूर परत डबीत जातो व्हय गं?"

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मॅनेजरांचीच असेल. मी चपला काढून दारापाशी ठेवल्यात.