रेकॉर्डवरचा ‘वन्स मोअर’

मुलुंड, रविवार संध्याकाळ

दत्ताने आज पुन्हा डोकं उठवलं. तरुणपणी आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको शालू आणि मित्र दत्ता, जाझ महोत्सवाला गेलो होतो. अगदी पुढच्या रांगेत. तिथल्या ब्लूज गाण्यांची, प्रेक्षकांच्या आवाजासकट, रेकॉर्ड निघाली. तिच्यावर पहिलं गाणं संपताच कोणीतरी घसा फाडून ‘वन्स मोअर’ ओरडतं, थेट संगीत नाटकातल्यासारखं. तो मी. शाळेत माझी कविता शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायची, मला माझा आवाज कळणार नाही?

दत्ता म्हणतो, "तुझा कसला रे? तू तर डोळे मिटून तंद्रीत होतास. तो मी."

पाच वेळा रेकॉर्ड लावली. पाचही वेळा त्या ‘वन्स मोअर’वर दोघांचेही हात आपापल्या छातीवर. या वयात काय हा हट्ट. त्याचा, म्हणतोय.

शेवटी शालू मेथी निवडता निवडता म्हणाली, "पुरे आता. ती मी होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही किती रंगवून सांगायचात. आणि आहात की तुम्हीही रेकॉर्डवर. त्याच्या पुढचं ऐका ना नीट."

दत्ता गेल्यावर एकट्यानेच ऐकलं. ओरडणं संपतं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत एक दबका, चिडका आवाज येतो, "अगं, गप्प बस."

माझाच आहे. नाही कसं म्हणू?

आणि त्या गवयाने गाणं खरंच पुन्हा म्हटलं. रेकॉर्डवर मला सगळ्यात आवडतं ते तेच, दुसऱ्यांदा म्हटलेलं.