बुजलेलं आभाळ

आईस,

तुझा पत्ता ठाऊक नाही, तरी लिहितेय. तू घर सोडून गेलीस तेव्हा बाबांनी मला सांगितलं, आभाळ हे पालथं घातलेलं पातेलं आणि तारे ही त्याची भोकं. "आई ती बुजवायला गेलीय. सगळी बुजली की येईल." गोष्ट जुनीच, तुला त्यांनी मधे घुसडलं. फुटक्या भांड्यांची भोकं डाग देऊन बुजवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मी मोठी झाले, गोष्ट सोडून दिली. त्यांनी नाही सोडली. म्हातारपणी नजर अधू होत गेली, तर म्हणायचे, "तारे कमी झालेत गं." शेवटी काहीच दिसेना, तेव्हा खूश झाले. दाराला कडी लावू देईनात.

काल बाबा गेले. आज मी कडी लावली.

बाबांची मुलगी