कंट्रोलच्या शंभर काचा

३ मार्च, मंगळवार

डेस्मिन फसलं! वरचा कंट्रोल कोरा, खालचा रुग्णाचा काप कोरा. अँटिबॉडीची कुपी कालच उघडलेली.

क्रमाने लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल. डेस्मिन हे पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन. स्नायूपेशींत असतं, बाकीच्यांत जवळजवळ नसतंच. त्याला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी काचेवरच्या कापावर घालायची. चिकटली तर तपकिरी रंग उठतो, नाही तर सगळं निळं राहतं. प्रत्येक काचेवर वर कंट्रोल, म्हणजे अपेंडिक्सचा काप, कारण त्याच्या भिंतीत स्नायू असतोच. खाली रुग्णाचा काप. वर तपकिरी आलंच पाहिजे. आलं नाही, तर खालच्या निळ्याला काडीचा अर्थ नाही.

रुग्ण: मुलगी, सात वर्षे, मांडीत गाठ. गाठ स्नायूपेशींची असेल तर एक औषध, नसेल तर दुसरं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना स्नायूचीच दाट शंका आहे. पण शंका रिपोर्टात लिहिता येत नाही.

सुईने काढलेला तुकडा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. बाकीच्या तपासण्यांत बहुतेक गेला. लॅबमधल्या काकांच्या हिशोबाने त्यातून आता सहा काप निघणार होते. आज एक गेला. पाच.

४ मार्च, बुधवार

पुन्हा केलं. पुन्हा कोरं. चार.

मॅडम म्हणाल्या, "हात बदलून बघ." म्हणजे माझा हात! मग काकांना करायला लावलं. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, मायक्रोटोमवर डोळे मिटून काप काढतात. त्यांचंही कोरं. तीन.

मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

५ मार्च, गुरुवार

कंपनीच्या माणसाला फोन.

"मॅडम, सगळीकडे मस्त चाललंय हो. तुमचं पाणी बघा."

पाणी बघितलं. ठीक.

"मग कुकर असेल." (काचा आधी प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, प्रथिनं उघडी पडायला.) कुकरची रिंग बदलली. तापमान दोन थर्मामीटरनी मोजलं. ठीक.

"मग मॅडम, हवामान—"

फोन ठेवला.

दुपारी रिपोर्टच्या खिडकीशी मुलीची आत्या. बस कंडक्टर आहे, दोन फेऱ्यांच्या मधे गणवेशातच येते. मी म्हटलं, तपासणी चालू आहे.

"ताई, माझ्या बसमध्ये रोज हजार माणसं चढतात. सगळ्यांना एकच सांगते, पुढे सरका. सगळे सरकतात. तुमची खिडकी तेवढी सरकत नाही."

मी पुन्हा म्हटलं, तपासणी चालू आहे. हे वाक्य मी दिवसातून वीसदा बोलते. आज पहिल्यांदाच ते मला ऐकू आलं.

७ मार्च, शनिवार

मुलीच्या तुकड्याला आता हात लावायचा नाही. फक्त कंट्रोलच्या काचा घेतल्या, सहा. अँटिबॉडी सहा वेगवेगळ्या प्रमाणांत, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत. पाच कोऱ्या. सहावीवर चहाच्या वाळल्या डागासारखं काहीतरी. तेही खरं की माझ्या मनातलं, सांगता येत नाही.

काका जाता जाता म्हणाले, "मोजपट्टी, घरी जा आता." मला ते मोजपट्टीच म्हणतात.

९ मार्च, सोमवार

दुसऱ्या बॅचची कुपी आली. मॅडमनी मुलीचा एक काप घालायला लावलाच. मी नको म्हणत होते. कोरं. दोन.

दोन! हे संपले की त्या पोरीला पुन्हा सुई.

कंपनीला तक्रार लिहिली, सतरा मुद्द्यांची. मॅडमनी वाचली. "हे पत्र आहे की फिर्याद?"

मी म्हटलं, दोन्ही.

१० मार्च, मंगळवार

पत्र गेलं नाही, हे एक बरं झालं.

सकाळी काकांनी वर्षभरातल्या डेस्मिनच्या जुन्या काचा कपाटातून काढल्या आणि टेबलावर महिन्यांप्रमाणे लावल्या. मागच्या वर्षीच्या जानेवारीतली एका टोकाला, या फेब्रुवारीतली दुसऱ्या. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पहिल्या काचेवरचा कंट्रोल कॉफीसारखा गडद. पुढे प्रत्येक महिन्याला थोडा फिका. फेब्रुवारीच्या शेवटच्या काचेवर पिवळट सावली, आणि तिच्या नोंदीत शेरा: "चालेल." खाली माझी सही.

तेव्हा कुपी जुनी होती, आणि आता नव्या दोन्ही कुप्यांनाही कोरंच. म्हणजे अँटिबॉडीचा संबंध नाही. कंट्रोलच मरत चालला होता.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत मी अपेंडिक्सच्या ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यातून, एका दमात शंभर काप काढून काचांवर चढवले होते. प्रत्येकीवर क्रमांक, तारीख, खाली रुग्णाच्या कापासाठी जागा. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, "असं काम पाहिजे." काका तेवढे म्हणाले होते, "कापलेलं फार ठेवू नये गं, उघड्यावर प्रथिन उतरतं." मी म्हटलं होतं, काका, ही जुनी पद्धत. रोज कोण कापत बसणार?

आणि त्या काचा ठेवायचा खण गरम ओव्हनशेजारचा. तोही मीच निवडलेला. हाताशी असावा म्हणून!

काका आज "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"मग ब्लॉकमधून नवा काप काढू," मॅडम म्हणाल्या.

ब्लॉक उरलेला नाही. शंभराचा आकडा पुरा व्हावा म्हणून मी तो तळापर्यंत कापला होता.

११ मार्च, बुधवार

स्नायू असलेला कुठलाही जुना ब्लॉक चालेल. या वर्षीचे रुग्णांच्या पुढच्या तपासण्यांसाठी राखीव, त्यांना हात लावता येत नाही. जुने ब्लॉक मागच्या इमारतीतल्या भांडारात. भांडाराच्या किल्लीला अर्ज. अर्जावर तीन सह्या. तिसरी सही रजेवर.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेला फोन केला. "बघतो," म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

अजून बघतायत.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरकडे गेले. पुढचं अपेंडिक्स निघालं की लगेच ताज्या फॉर्मॅलिनमध्ये टाकून माझ्या नावाने पाठवा, म्हटलं. हात जोडायचेच बाकी ठेवले.

सिस्टर हसायला लागली. "अगं, या आठवड्यात एकही नाही. ऑर्डर दिली म्हणून थोडंच मिळतं? गेल्या महिन्यात सांगायचंस, रांग लागली होती!"

जेवले नाही. बेंबीपाशी दुखतंय. पित्त.

१३ मार्च, शुक्रवार

किल्ली मिळाली. भांडाराला पत्र्याचं छप्पर. ब्लॉक मेणाचे. यापुढे लिहायची गरज नाही, तरी लिहिते: चाळीस-चाळीस ब्लॉक वितळून एकेका डब्यात एकच लादी झालीय. काकांनी लादी हातात घेऊन सगळीकडून पाहिली. "चांगली आहे. दिवाणखान्यात ठेवायला."

मला हसू आलं नाही. हसले की पोट दुखतं म्हणूनही असेल.

दुपारी मुलांच्या वॉर्डचे डॉक्टर आले. गाठ वाढतेय. गुरुवारपर्यंत थांबतील. तोवर रिपोर्ट नाही आला, तर स्नायूची समजून औषध सुरू. मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, "बहुतेक तेच असणार."

बहुतेक!

१४ मार्च, शनिवार

दुखणं आता उजवीकडे, खाली. उलटी एकदा. आई म्हणते, "चेहरा बघ आरशात. दाखव कुणाला तरी." मी म्हटलं, सोमवारी. "तुझा सोमवार मला माहीत आहे. मागच्या वर्षीपासून तुझी दाढ सोमवारचीच वाट बघतेय!"

आत्या आली होती. "तपासणी चालू आहे" तोंडापर्यंत आलं, आणि मी म्हटलं: चूक झालीय. यंत्राची नाही, कंपनीची नाही. माझी. तपासायला जो नमुना लागतो तो मी खराब केला. दुसरा मिळत नाहीये.

ओरडेल असं वाटलं. तिने खांद्यावरची तिकिटांची बॅग सारखी केली.

"चुकीचं तिकीट फाडलं तर आम्ही त्यावर 'रद्द' लिहून सही करतो. मग बरोबर तिकीट देतो. पण माणूस उतरायच्या आत द्यावं लागतं." मग म्हणाली, "गुरुवार म्हणालेत ना डॉक्टर?"

हो.

"मी बुधवारी येते मग. आणि ताई, बसा जरा. तुम्ही वाकड्या उभ्या आहात."

१६ मार्च, सोमवार

वॉर्डातली सहावी खाट. अक्षर वाकडं येतंय. सलाईन उजव्या हाताला, त्यामुळे डाव्याने लिहितेय.

काल सकाळी आईने रिक्षात कोंबून आणलं. सर्जननी पोट एकदा दाबलं, दाब सोडला, मी किंचाळले. तासाभरात टेबलावर. अपेंडिक्स. फुटायच्या बेतात होतं.

भूल द्यायच्या आधी मास्कमधून थिएटरच्या सिस्टरचा आवाज: "शेवटी स्वतःच आणून दिलंस? एवढी घाई होती?"

मी तिला म्हटलं, ताज्या फॉर्मॅलिनमध्ये. लगेच. फॉर्मॅलिन तुकड्याच्या वीसपट. ती म्हणाली, "झोप आता." भुलेच्या डॉक्टरांनाही मी वीसपट म्हणाले म्हणे. ते मला आठवत नाही.

मॅडम सकाळी येऊन गेल्या. "वर्षभर अपेंडिक्सच्या काचा बघतेस, आणि स्वतःचं दुखलं तर पित्त?" मग त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे केला: काढलेला भाग कंट्रोल म्हणून वापरण्यास हरकत नाही. हा फॉर्म मी आजवर दुसऱ्यांपुढे धरत आले. वाचता वाचता कळलं की तो दीड पान आहे, आणि लोकांना मी त्यासाठी अर्धा मिनिटसुद्धा देत नव्हते. सही केली.

काका म्हणाले, टोकाकडे सूज आहे, पण बुंध्याकडची भिंत उत्तम. "स्नायू झकास आहे तुझा, मोजपट्टी." आज मेणात जाईल. उद्या ब्लॉक.

आई विचारते, "कसला फॉर्म होता?" काही नाही म्हटलं. मग सांगितलं. ती म्हणाली: "आधीच दिलं असतंस, तर पोट तरी दुखलं नसतं."

१७ मार्च, मंगळवार

उठवून चालवलं. खाटेपासून दारापर्यंत अकरा पावलं. ब्लॉक झाला. उद्या मुलीच्या दोनांतला एक काप लावणार. काकांना सांगून ठेवलं, दोन थर्मामीटर.

"एक पुरे," ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

१८ मार्च, बुधवार

काका काच घेऊन खाटेपाशी आले. खिडकीच्या उजेडात धरली. वर माझा काप: तपकिरी, गडद, कॉफीसारखा. खाली तिचा: निळा. पहिल्या दिवशी होता तसाच स्वच्छ निळा.

गाठ स्नायूची नाही. पंधरा दिवस तिचा काप हेच सांगत होता.

मॅडमनी सही केली. उद्याचं औषध बदललं. एक काप उरलाय. पुन्हा सुई नाही. आत्या खाली थांबली होती, तिला मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं. वरचा काप कुणाचा, हे सांगू नका म्हटलंय.

काकांनी विचारलं, "तुझ्या ब्लॉकच्या किती काचा करून ठेवू?"

एकही नको.