चौथा रकाना

१३ जानेवारी, सोमवार

पुन्हा गेलं! ९:१२, ९:१९, ९:२६, ९:४१. एका तासात चारदा.

'आणि हा डोस कधीही –' इथे तुटलं. पन्नास सेकंद वायफाय नाही. जोव्हलिन माग्सिनोला ऐकू येत नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई जे बोलतात ते मी इथे विनिपेगमध्ये माझ्या खोलीत बसून ऐकते, टाइप करते आणि ते तिच्या पडद्यावर उमटतं. तोच तिचा वर्ग. आज तिच्या पडद्यावर उमटलं 'हा डोस कधीही' – आणि पुढे पांढरं. कधीही काय? नर्स होणार आहे ती!

तास संपल्यावर तिनं लिहिलं, 'करिस, तू आहेस ना तिकडे?'

आहे. मी आहे.

या कामावर दोघी अजून उमेदवारीवर आहोत, मी आणि जनेल. महिनाअखेरीला एकीलाच कायम करणार. जनेल फंक राहते माझ्याच घरात, मधल्या भिंतीपलीकडे. आणि राउटर तिच्या खोलीत आहे.

एवढंच लिहिते. वाईट मनात आणायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज आणलं मनात.

सकाळी स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "वायफाय सारखं जातंय."

टोस्टला लोणी लावत म्हणाली, "माझं तर मस्त चाललंय गं." वर बघितलंसुद्धा नाही!

म्हणजे एकाच घरात, एकाच राउटरवर, तिचं चालतं आणि माझं जातं. तिच्या फोनमध्ये त्या राउटरचं सगळं आहे – कोण जोडलंय, कोणाला तोडायचं. मला एकदा दाखवलं होतं तिनंच, हसत. "बघ, ही तू. एक बोट लावलं की गेलीस."

१५ जानेवारी, बुधवार

चूक आपली नाही ना, ते आधी बघायचं. ते सगळं केलं. लॅपटॉप बंद करून चालू. वायफाय विसरायला लावून नव्यानं जोडलं. मदतकक्षाच्या माणसानं चाळीस मिनिटं फोनवर धरून सगळं नवं टाकायला लावलं आणि शेवटी म्हणाला, "आता उत्तम आहे बघा." त्याच्याशी बोलताना खरंच उत्तम होतं. नऊला तास सुरू झाला, ९:०८ ला गेलं.

राउटरपासून माझ्या खोलीपर्यंत वायर टाकू का, असं जनेलला विचारलं. "दाराखालून? अगं, मांजर कुरतडेल. आणि दार उघडं ठेवून मी काम कसं करू?" मग म्हणाली, "ती तुझी डबी काढून बघ ना. मॉनिटर जोडायची ती स्वस्तातली. लॅपटॉपला अगदी चिकटून असते. माझ्या भावाचं वायफाय अशाच डबीमुळे जायचं. जरा लांब ठेव."

हो का! मोठा मॉनिटर ख्रिसमसला भावंडांनी मिळून दिला, तेव्हापासून माझ्या चुका निम्म्यावर आल्यात. एकावर बाईंच्या चित्रांची पानं, दुसऱ्यावर माझं टाइपिंग. तो मी काढावा, छोट्या पडद्यात डोळे फोडावेत, म्हणजे हिला कायमची जागा! भाऊ कुठून आला मध्येच?

१६ जानेवारी, गुरुवार

वही सुरू केली आहे. आईच्या शाळेतली पद्धत. आम्ही चौघं भावंडं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती शिकलो; शाळेची पायरी मी पहिल्यांदा चढले ती अठराव्या वर्षी, परीक्षा द्यायला. खिडकीत चार पेल्यांमध्ये घेवडा पेरायचा आणि वहीत चार रकाने आखायचे – केव्हा, काय झालं, जवळ कोण होतं, मी काय केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्या भावाचा, पीटरचा, घेवडा कुजला तेव्हा त्यानं शपथेवर सांगितलं की मी काहीच केलं नाही. आईनं त्याला चौथा रकाना वाचायला लावला. कोरा होता. दिवसातून पाचदा पाणी घालायचा तो, प्रेमानं.

मी तीनच आखलेत. केव्हा, काय झालं, जनेल कुठे होती. चौथ्याची गरज नाही. मी काही करत नाही, मी नुसती टाइप करते.

आज सहा वेळा गेलं. सहाही वेळा जनेल घरात होती. दार बंद.

१७ जानेवारी, शुक्रवार

मागच्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. "ही आमची करिस. हिची पदवी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि रुबार्बचा केक कापून वाढला त्यांना. मोठा तुकडा तिला दिला.

ते हसणं मी अजून विसरले नाही.

या कामाची जाहिरात मला तिनंच दाखवली होती, हे खरं. तेव्हा तिला वाटलं असेल, हिला कोण घेतंय! आता पस्तावली असेल.

१९ जानेवारी, रविवार

पुरावा मिळाला!

जनेल काल सकाळी आईवडिलांकडे गेली, विंकलरला. घरात मी आणि मांजर. काल दोन तास आणि आज दोन तास जुनी व्याख्यानं लावून टाइपिंगचा सराव केला – पांघरुणात बसून, लॅपटॉप मांडीवर, कारण खिडकीपाशी टेबलाजवळ बसवत नव्हतं इतका गारठा. चार तास. एकदाही गेलं नाही. एकदाही नाही!

ती घरात – जातं. ती नाही – जात नाही. लाल पेनानं चौकट केली.

दुपारी आईचा फोन. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिच्याशी बोललीस?"

आमच्या चर्चच्या लोकांत हे लहानपणापासून पाठ असतं. कुणी तुमचं वाईट केलं तर आधी त्याच्याकडे जायचं. एकट्यानं. समोर बसून सांगायचं. नाहीच ऐकलं तर एकाला बरोबर न्यायचं. नंतर बाकीचे. हा क्रम मोडायचा नाही. आजोबांचं आणि शेजारच्या पेनरांचं बांधावरून वाजलं, तेव्हा आजोबा बर्फातून तीन मैल चालत गेले होते, फक्त 'तू माझं वाईट केलंस' एवढं म्हणायला.

"बोलले," मी म्हटलं.

"एकटी? आधी?"

"हो गं आई."

फोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले कुणास ठाऊक.

२० जानेवारी, सोमवार

आज नऊ वेळा. जोव्हलिनचा निरोप – 'परवा चाचणी आहे. आजचे मधले तुकडे कुठे मिळतील?' कुठेच नाहीत गं. ते तुकडे भिंतीपलीकडे बसलीय ती बाई गिळते.

संध्याकाळी जेवताना जनेल म्हणाली, "सॉसेज छान झालंय. तू का नाही खात?" मी म्हटलं, भूक नाही. खोटं नव्हतं.

साडेसहाला कचरा टाकायला बाहेर गेले. उणे एकतीस. तिची गाडी भिंतीला लागून उभी, इंजिनाला ऊब द्यायची वायर भिंतीतल्या प्लगला. रात्रभर वीज मिळाली नाही तर या थंडीत गाडी सकाळी उठत नाही, हे इथे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत. मंगळवारी तिचा तास कॉलेजात असतो, समोर बसून. नऊला.

तू माझी वायर काढतेस. बरं.

हातमोजा काढून ओढली. लगेच आली. किती सोपं असतं!

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी पडद्याआडून बघितलं. गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. जनेल उतरली, वायर बघितली, कपाळावर हात मारला.

आत आली, चष्म्यावर वाफ. "बघ ना, मीच लावायची विसरले वाटतं! माझं डोकं हल्ली –" आणि टॅक्सीला फोन करायला लागली. टॅक्सी यायला अर्धा तास.

मीच विसरले वाटतं. क्षणभर मला तिचा रागच आला, माझ्यावर संशय कसा घेत नाही म्हणून. मनात पाप असलेल्या माणसालाच इतकं गोड बोलता येतं.

चाळीस मिनिटं उशीर झाला तिला. मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण खोटं लिहायचं नाही. फार बरं वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

आज माझं पाच वेळा गेलं. बरं वाटणं संपलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

वहीची नक्कल करून रोझलिंड गिबोश बाईंना पाठवली. त्या आमच्या वरिष्ठ, कोणाला कायम करायचं ते त्याच ठरवणार. तारीख, वेळ, जनेल घरात, जनेल घरात, जनेल घरात. लाल चौकट. आरोप केला नाही. फक्त लिहिलं, 'मला जे दिसलं ते मांडलं आहे.' चार वेळा वाचलं. एकही अक्षर खोटं नाही.

आधी जनेलशी बोलायला हवं होतं. माहीत आहे. पण बोलून काय? ती म्हणणार, मी नाही. मग माझ्या हातात काय उरणार? आजोबांकडे कुठे असली वही होती!

पाठवून टाकलं.

२७ जानेवारी, सोमवार

रोझलिंडबाईंचा फोन. "करिस, इतकी नेटकी नोंद माझ्याकडे आजवर कुणी दिली नाही. जनेलला विचारलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी नाही केलं. तेवढंच. फार बोलली नाही." मग कागद चाळल्याचा आवाज. "त्यात मागच्या मंगळवारी चाळीस मिनिटं उशिरा पोचली. म्हणे गाडी सुरू झाली नाही. इथे मॅनिटोबाच्या थंडीत जन्मलेली मुलगी गाडीला वीज लावायला विसरते? अशा माणसावर मी कुणाचा वर्ग सोपवू, सांगा."

मी "हं" म्हटलं. एवढंच. "हं."

३१ जानेवारी, शुक्रवार

मला कायम केलं!!

आईला कळवलं. ती म्हणाली, "देवाची कृपा. आणि ती मुलगी? मिटलं ना तुमचं?"

म्हटलं, मिटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

जनेल गेली. बहिणीकडे राहणार आहे, सेंट व्हायटलला. गेला आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. मी वाट बघत होते की ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. सगळी उत्तरं तयार होती माझ्याकडे, तारखांसकट.

मांजर टोपलीत, राउटर काखेत, तिचाच होता तो. दारात बूट चढवताना म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"आपल्या लोकांत आधी त्या माणसाकडे जातात, करिस. माझ्या घरी तर कुणी चर्चची पायरी नीट चढत नाही, तरी मला हे ठाऊक आहे. तुझ्या आईच्या टेबलावर हा धडा नव्हता का?"

टेबल! जाता जाता पुन्हा टेबलच काढलं!

"होता," मी म्हटलं. "आणि चोराला धरायचा पण होता."

तिनं वाकून टोपलीवर शाल टाकली, मांजराला गार वारा लागू नये म्हणून. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

तिच्या खोलीत जाऊन बघितलं. काही विसरली नाही. भिंतीवर राउटरचा चौकोनी डाग आहे, तेवढा.

जिंकले मी. रात्रीच्या जेवणाला दोन जणींचं सूप केलं चुकून.

३ फेब्रुवारी, सोमवार

आठला माणूस येऊन नवा राउटर लावून गेला. माझ्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर. घरात मी एकटी.

९:०० – मॉनिटर जोडला. ९:०४ – गेलं.

जोव्हलिनला लिहिलं, 'दोन मिनिटं दे.' मॉनिटरची डबी उपटली. आलं. जोडली. गेलं. उपटली. आलं. सात वेळा. मग तो उपटूनच छोट्या पडद्यावर तास पार पाडला. एकदाही तुटलं नाही.

तास संपल्यावर कपाटातून लांब वायर काढली, डबी लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवली, मॉनिटर जोडला. जनेलनं सांगितलं होतं अगदी तसं. एक तास झाला. जात नाही.

रोझलिंडबाईंना लिहायला घेतलं होतं. थांबले. आधी तिच्याकडे. एकटीनं. बस १२:१० ची आहे.

तोवर वही काढली. पहिल्या पानापासून चौथा रकाना आखला आणि भरला.

मॉनिटर जोडला. मॉनिटर जोडला. मॉनिटर जोडला. १८ आणि १९ – मॉनिटर नाही, पांघरुणात. मॉनिटर जोडला.

२० जानेवारी, संध्याकाळी ६:३० – तिच्या गाडीची वायर काढली.