टिटवीचा फोटो

८ फेब्रुवारी, शनिवार
गुडघ्यांचे पार तुकडे पडलेत, पण दिवस कारणी लागला! नगरपालिकेच्या शाळेत आमच्या संस्थेचं बूटवाटप. सकाळपासून जमिनीवर बसून पोरांची मापं घेतली. एकही पोर 'चावतोय' म्हणत नाही — बूट काढून घेतील म्हणून. अंगठा कुठे टेकतो ते दाबून मीच बघायचं.

फोटोंचं कामही माझ्याच गळ्यात. देणगीदारांना प्रत्येक मुलाचा बुटांसकट फोटो लागतो. चौथीतली एक काटकुळी मुलगी — सगळे तिला टिटवी म्हणतात — उभीच राहीना. 'आई नको म्हणते.' मागे रांग खोळंबलेली. मी म्हटलं, 'अगं, फोटोशिवाय बूट नाही देता येत. एकच काढते. हस ना जरा!' तिने बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि हसली. काय गोड हसली!

१० फेब्रुवारी, सोमवार
अध्यक्षबाईंनी टिटवीचा फोटो संस्थेच्या पेजवर टाकला. ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच! 'फोटो कुणी काढला?' विचारतात. आज मला भलताच भाव.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
टिटवीची आई दारात. शाळेतून माझा पत्ता काढून आली. शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करते. तशीच कामावरून आलेली, अंगभर दोरे चिकटलेले. बस म्हटलं तर बसली नाही. पिशवीतून बूट काढून उंबऱ्याशी ठेवले.

'हे घ्या परत. फोटो तेवढा काढून टाका.'

खरं सांगायचं तर आधी रागच आला. मग तिने बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत जुनं भाजलेलं. 'हिच्या बापाचं काम. त्याला पत्ता लागू नये म्हणून गावामागून गाव बदलतेय, ताई. आता कुठे पोरगी वर्गात हात वर करायला लागली होती.'

मी तिचा फोन नंबर लिहून घेतला. बूट बळेच तिच्या पिशवीत कोंबले. जाताना म्हणाली, 'यातलं कुणाला बोलू नका. घरातही नाही.' मी शब्द दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कारण न सांगता अध्यक्षबाईंच्या मागे लागले. त्यांनी पेजवरून फोटो काढून टाकला. हुश्श केलं — आणि भाचीने तिचा फोन समोर धरला. 'मावशी, हा बघ. आणि हा. हा पण.' कुठे कुठे गेलाय! खाली ठळक अक्षरांत संस्थेचं नाव. दिवसभर फोन करत बसले. एक गृहस्थ म्हणाले, 'अहो, चांगल्या कामाची जाहिरातच होतेय की!' मी पुढचा नंबर फिरवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
चौकात फलक! आम्हाला बूट देणाऱ्या दुकानदाराने लावलाय. टिटवीचा चेहरा पुरुषभर उंच. दुकानात जाऊन गयावया केल्या. 'बघतो, फलकवाल्याला सांगतो,' म्हणाला. संध्याकाळी पुन्हा गेले. तशीच वर हसत होती — मी 'हस' म्हटलं म्हणून.

२१ फेब्रुवारी
अजून उतरवलेला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तो संस्थेत आला.

मला वाटलं होतं, तांबारलेल्या डोळ्यांचा कुणी राक्षस असेल. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, आवाज मऊ. 'ताई, फलकावर माझी लेक दिसली. कुठे असते ती?'

'आम्ही पत्ते ठेवत नाही.' मी म्हटलं.

'मोठी झाली हो,' म्हणाला. नमस्कार करून गेला.

लगेच तिच्या आईला फोन लावला. तो येऊन गेल्याचं सांगितलं. तर म्हणते, 'परीक्षा होऊ दे ताई. पोरीचं वर्ष वाया नको.' मी ओरडलेच — 'अगं बाई, कसली परीक्षा! आत्ताच्या आत्ता निघ! नाहीतर पोलिसांत जा!' पोलिस म्हटल्यावर नुसती हसली. 'बघते,' म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मी करू तरी काय?

२७ फेब्रुवारी, गुरुवार
 जेवताना हे सहज म्हणाले, 'दुपारी तुझ्याकडे कोण आलं होतं माहितीये? त्या बूटवाल्या मुलीचे वडील. संस्थेच्या शिपायाने घर दाखवलं म्हणे. भला माणूस गं. डोळ्यांत पाणी होतं. चहा पाजला.'

'तुम्ही काय सांगितलंत त्याला?'

'शाळा सांगितली. बाप आहे तिचा!'

मी ताट सरकवून उठले. ह्यांना काय बोलू? पत्ता विचारणाऱ्याला थेट दारापर्यंत सोडून येणारा माणूस! आणि मी अवाक्षर सांगितलं नव्हतं — तिला शब्द दिला होता म्हणून. शब्द पाळला, आणि हे असं झालं.

तिचा फोन बंद. शाळेत कुणी उचलत नाही. हे दारात उभे आहेत, 'माझं काही चुकलं का?' विचारतायत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळा उघडायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिले. चौथीच्या बाई आल्या. म्हणाल्या, 'टिटवी? ती कुठे आहे आता! चौकात फलक लागला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने तिचं नाव काढून नेलं. कुठे गेल्या, कुणाला ठाऊक नाही.'

म्हणजे 'परीक्षा होऊ दे' म्हणाली तेव्हा ती या गावात नव्हतीच.

माझ्याशी चक्क खोटं बोलली.

बरं केलंस, बाई.